कापसाची खोली

आमच्या तीर्थपुरीकडच्या गावांत दिवाळीनंतर घरात माणसांपेक्षा कापूसच जास्त. भाव चढेपर्यंत एक खोली पार आढ्यापर्यंत भरलेली असते. आत गेलं की बाहेरचं ऐकू येत नाही आणि आतलं बाहेर जात नाही. लहानपणी आम्ही त्यात उड्या मारायचो. आता तशी खोली दिसली तरी मी आधी आत वाकून बघते, ते एका चार वर्षांच्या पोरीमुळं.

मी अंगणवाडीत सेविका. ही पोर कुणाला मारायची नाही, चावायची नाही, खेळणंसुद्धा हिसकायची नाही. पण कुणी रडायला लागलं की उठायची, त्याला हाताला धरून शेजारच्या सामानाच्या खोलीत न्यायची आणि बाहेरून दार रेटून धरायची. एकदा खिचडी सांडली म्हणून रडणाऱ्या एका लेकराला तिनं असंच कोंडलं. ते इतकं भेदरलं की चड्डीतच मुतलं. झालं! दुसऱ्या दिवशी सगळ्या आया दारात. ‘तिला काढा, न्हाईतर आम्ही आमची लेकरं पाठवीत न्हाई.’

मी तशी तापट. ‘तेबी लेकरूच हाय,’ म्हणून त्यांना वाटेला लावलं. पण खरं सांगते, मलाही तिची भीती वाटायला लागली होती. दार धरताना तिच्या तोंडावर राग नसायचा. भांडी घासून पालथी घालणाऱ्या बाईसारखी ती आपलं काम उरकायची.

तिला मांडीवर घेऊन विचारलं, ‘का गं माय, असं का करती?’

‘रडणाऱ्याला कापसात ठिवतेत,’ ती म्हणाली. ‘मंग आवाज येत न्हाई.’

माय गं!

त्याच दुपारी तिच्या आईला बोलावून घेतलं. वेचणीवरून तशीच आल्ती, केसांत कापूस अडकलेला. मी तिला चांगलंच फैलावर घेतलं. ‘लेकराला कोंडती? काळीज हाय का न्हाई तुला?’

‘मारत न्हाई ओ ताई मी,’ ती म्हणाली. ‘बिलकुल न्हाई. माझ्या मायनं मला लई झोडपलं, म्हणून मी हात उचलायचा न्हाई असं ठरवलंय. रानातून आलं की डोकं भणभणतं, हिचं रडणं सोसत न्हाई. मंग ठिवती थोडा वेळ. मऊ असतंय की आत, लागत न्हाई काई.’

मऊ असतंय! माझा राग कुठल्या कुठं गेला, नुसतं वाईट वाटलं.

‘अगं, ही इथं दुसऱ्याची लेकरं कोंडून राह्यली. कुणी हिच्याजवळ बसंना. लोक म्हणून राह्यले, काढा हिला.’

आईनं वळून पाहिलं. पोर एकटीच ठोकळे रचत होती. बाकीची लेकरं समोरच्या भिंतीला चिकटून बसलेली. ते बघून त्या बाईला एकदम हुंदका फुटला.

पोरीनं हातातला ठोकळा खाली ठेवला. उठली, आईचं बोट धरलं आणि सामानाच्या खोलीकडं निघाली. आई मुकाट्यानं तिच्या मागं गेली. पोरीनं दार लोटलं आणि पाठ लावून उभी राहिली. एका हातानं ढकललं असतं तरी ते उघडलं असतं. आईनं ढकललं नाही. मीही जागची हलले नाही.

आतून आवाज आला, ‘उघड गं बाळा.’

‘आधी गप बस,’ पोर म्हणाली. ‘मंग उघडते.’