रेषेतला खंड

कमीत कमी खर्चाची रेषा शोधायचं गणित, हा माझ्या प्राध्यापक आत्याचा विषय. रेषा मध्येच तुटली, तर एकूण बेरजेत त्या खंडाचाही खर्च धरायचा, असं ती आयुष्यभर सांगत आली. विभागप्रमुख मात्र तुटलेली जागा आधी गुळगुळीत करून घेत आणि हिशेब सोपा झाला म्हणत.

तिच्या निरोप समारंभात त्यांनी तिच्या अखंड सेवेचं तोंडभरून कौतुक केलं. बाळंतपणाचं निमित्त करून याच गृहस्थांनी तिला कामावरून काढलं होतं; परत रुजू व्हायला तिला काही वर्षं लागली होती. ती वर्षं त्यांनी खुशाल गिळली. माझं डोकंच फिरलं.

आत्या उठली आणि म्हणाली, "सर, तुम्ही मला घरी बसवलंत, ती वर्षं गुळगुळीत करू नका. त्यांचा खर्च मी भरलाय."