धोंडूने पायरी धुतली

मुलुंडच्या म्युनिसिपल दवाखान्यात धोंडू परब नुसता कंपाउंडर, पण रुबाब डॉक्टरपेक्षा मोठा. लाल मिक्श्चर ढवळताना तोंड असं करायचा, जणू सत्यनारायणाचं तीर्थच करतोय. बाटलीवर डोस दाखवणारी कागदाची पट्टी तर तो सोनाराच्या हाताने कापायचा. रोगी चार दिवस उशिरा बरा झाला तर होऊ दे, पट्टी वाकडी लागता कामा नये.

दवाखाना उघडे नऊला. पण बायका नळावर जातानाच आपापली रिकामी बाटली पायरीवर ठेवून जात. बाटली उभी म्हणजे माणूस उभा. तिला कोणी हात लावत नसे.

अठ्ठावन्न साली या दवाखान्यावरून म्युनिसिपालिटीच्या सभेत जुंपली. उघडला एका पक्षाने, निवडून आला दुसरा. नव्यांचे नंदकिशोरशेठ म्हणाले, "रोगीच नाहीत. ग्रँट बंद करा." जुन्यांचे भाऊ दळवी म्हणाले, "रोग्यांना उभं राहायला जागा नाही. ग्रँट वाढवा." शेवटी ठरलं, दोघांनी मंगळवारी जाऊन स्वतः बघायचं. दवाखाना बंद झाला तर उरणार खाजगी डॉक्टर, आणि त्याची फी गिरणीवाल्यांच्या चाळीत कुणालाच झेपणारी नव्हती.

मंगळवारी धोंडू साडेसातलाच हजर. साहेबलोक येणार म्हणून त्याने पायरी फिनेलने धुतली. बाटल्यांचा पसारा टोपलीत भरून आत नेऊन ठेवला. पायरी कशी आरशासारखी लखलखली!

साडेआठला दोघे आले.

"बघा भाऊ, चिटपाखरू नाही!" नंदकिशोरशेठ खुलले.

भाऊंचा चेहरा उतरला. "धोंडू, अरे पेशंट कुठेत?"

"येतील ना साहेब. लाईन लागलीय."

"कुठे?"

धोंडूने अभिमानाने पायरीकडे बोट केलं, आणि त्याचं बोट तसंच राहिलं. धावत जाऊन त्याने टोपली आणली आणि हाताला येतील तशा बाटल्या मांडायला घेतल्या. तेवढ्यात रुक्मिणी सावंत आली. हिच्या नवऱ्याला गिरणीने पेन्शनीऐवजी खोकला दिला होता.

"रे धोंडू, माझी बाटली पयली होती. ती नववी कशी झाली?"

"वयनी, जरा चूक..."

"हिची पहिली?" मागून शेवंती कडाडली. "मी आले तेव्हा पायरीवर मांजरसुद्धा नव्हतं!"

बघता बघता वीस-पंचवीस बायका जमल्या. जिची तिची बाटली पहिली.

"शांत व्हा, रांग लावा!" नंदकिशोरशेठ मध्ये पडले.

"मगे तूच लाव!" रुक्मिणीने बाटली त्यांच्या हातात कोंबली. "माझो घोव रातभर खोकता हा."

हा नवा कारकून दिसतो, असं समजून बाकीच्यांनीही आपापली बाटली त्यांच्याकडे दिली. दोन बगलेत, चार हातात, एक कोटाच्या खिशात, अशा थाटात शेठ दहा वाजेपर्यंत रांग लावत होते. भाऊ कोपऱ्यात उभे राहून उपरण्यात हसत होते.

पुढच्या सभेत नंदकिशोरशेठना "रोगीच नाहीत" म्हणायला तोंड उरलं नव्हतं. ग्रँट टिकली. मग शेठ म्हणाले, दवाखान्याला शिस्त आपण लावली. भाऊ म्हणाले, दवाखानाच आपला. ते भांडण पुढे दोन वर्षं चाललं.

मुलुंडात त्याचं कुणाला काय? मिक्श्चर मिळत होतं. साहेबलोक येणार म्हटलं की धोंडू अजूनही पायरी धुतो. फक्त बाटल्यांच्या कडेकडेने.