एका खुनापायी धरलेला अबोला

लग्नाला जेमतेम चार महिने झाले असतील, तेव्हा मी नवऱ्याशी बोलणं टाकलं. कारण खून. तोही पडद्यावरचा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात आमच्या घराजवळच्या टॉकीजला एक जुना रहस्यपट पुन्हा लागला होता. रिळं इतकी झिजलेली की पडद्यावरच्या बंगल्याच्या आतसुद्धा पाऊस पडतोय असं दिसायचं. तरी तिकिटांच्या खिडकीवर ही रांग. त्या बंगल्यात एकामागून एक माणसं मरतात आणि मारणारा घरातलाच असतो, एवढंच मला ठाऊक होतं. त्याहून जास्त कळू नये, हा माझा हट्ट. सासऱ्यांचं दुकान बंद असेल त्या दिवशी घरच्या सगळ्यांनी जायचं ठरलं होतं.

आणि आमच्या ह्यांनी तो मित्रांबरोबर आधीच बघून टाकला.

ह्यांच्या पोटात काही राहत नाही, हे मला तोवर कळलं होतं. माझ्यासाठी गुपचूप साडी आणली, तर पिशवीतून काढायच्या आत रंग सांगून मोकळे. त्यामुळे त्या संध्याकाळी डोळे चमकवत “अगं, ऐक तरी” म्हणत आले, तशी मी कानात बोटं घालून स्वयंपाकघरात पळाले. पुढं ताट वाढून ठेवायचं आणि मोरीत लपायचं. पाणी नणंदेच्या हाती पाठवायचं. अंथरूणही नणंदेच्या खोलीत नेलं. हे दारात येऊन काही बोलू लागले की मी डोळे मिटून मोठ्यानं आरती म्हणायची. मॅट्रिक झालेली ना मी. स्वतःला फार हुशार समजत होते.

बघणाऱ्याला काय दिसत असेल? मागं मागं अजिजी करणारा मुलगा, आणि त्याचं तोंडही न बघणारी सून.

आमच्या घरात मोठी माणसं आपसात कन्नड बोलत. मी बार्शीकडच्या वैरागची, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यामुळे माझ्या संसाराचं कसं होणार याची चर्चा माझ्याच देखत चालली होती, आणि मी शेजारी बसून मजेत तांदूळ निवडत होते. एकदा तर सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला, तेव्हा मी म्हटलं, कांदा फार झोंबलेला दिसतोय.

दोन दिवसांनी माझे वडील, आप्पा, एस्टीनं हजर. हातात शेंगांची पिशवी, फेटा विस्कटलेला. सासऱ्यांनी निरोप धाडला होता. मला काय वाटावं? वाटलं, आप्पाही आमच्याबरोबर सिनेमाला आले.

मला पुढच्या खोलीत बोलावलं. सासरे बाजेवर, सासूबाई दारात, हे खाली मान घालून भिंतीशी. आप्पांनीच सुरुवात केली.

“पोरी, हितं तुला काय तरास हाय का? मोकळं सांग. न्यायाचं म्हणलीस तर आत्ता नेतो.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मग काय, खाली बघत खरं ते सांगितलं, की खुनी कोण ते हे सांगून टाकतील म्हणून बोलत नाही.

सासऱ्यांना खोकला लागला, तो थांबेना. आणि वैरागपासून छातीवर धोंडा घेऊन आलेल्या आप्पांचा जीव एकदम भांड्यात पडला.

“एवढंच व्हय? लई भ्या घातलंस की. आगं, ती जपमाळवाली आत्याच मारती समद्यांस्नी. बार्शीला बघितलाय मी, तू पाळण्यात हुतीस तवा.”

मी रडायलाच लागले. पण माझ्याहून जास्त धक्का सासूबाईंना बसला होता. त्यांनीही सिनेमा पाहिला नव्हता. आप्पा आता आत्या कशी मारते तेही सांगू लागले, तशा त्या व्याह्यांना तोंडावर म्हणाल्या, “सुम्न कुंद्री.” गप्प बसा. ते कन्नड मला शिकवणीशिवाय समजलं.

इतका वेळ आरोपीसारखे उभे असलेले हे हळूच म्हणाले, “मी खुनी सांगणारच नव्हतो. बाल्कनीची तिकिटं काढू का, एवढंच विचारायचं होतं.”

बाल्कनीचीच काढली. आप्पांनाही ठेवून घेतलं. थिएटरात मी फुरंगटून बसले होते. आता बघायचं काय राहिलंय? तर ती आत्या आली. एका हातात माळ, दुसऱ्या हातात भाच्यासाठी दुधाचा पेला. कसं गोड हसली! बाकीचं थिएटर प्रेत सापडल्यावर घाबरत होतं. मी ती हसली की घाबरत होते. सासूबाई कानाशी पुटपुटत होत्या, “बघ, बघ कशी माया करती सटवी.” तो सिनेमा मी पुढं कितीदा पाहिला. खुनी ठाऊक असूनही दर वेळी वाटतं, आज तरी त्या पोरानं दूध पिऊ नये.

मग बंगल्याच्या जिन्यावरचा दिवा गेला, अंधारात मण्यांचा आवाज आला, आणि दुसऱ्यांदा बघणाऱ्या ह्यांनी दचकून माझा हात गच्च धरला. पलीकडे आप्पा पाय खुर्चीवर घेऊन बसले होते. त्यांनी ते पाहिलं. मी लाजून हात सोडवायला गेले, तर पुन्हा पडद्याकडे बघत आप्पा म्हणाले, “ऱ्हाऊ दे. पुढं आजून एक खून हाय.”