सरांचे चार आवाज, वस्तीचा पाचवा

आमच्या मराठी चर्चच्या गायनवृंदात मी चौथा आवाज होतो. चार आवाजांच्या गाण्यात पहिला आवाज चाल गातो, दुसरा आणि तिसरा तिच्या आजूबाजूला नटतात, आणि चौथा खाली उभा राहून सगळ्यांचं ओझं वाहतो. वर्गसमाजाचं इतकं स्वच्छ चित्र मला एकाही अभ्यासवर्गात मिळालं नव्हतं. मी हे गाणी बसवणाऱ्या सरांना सांगितलं. सर म्हणाले, "ओझं नंतर वाहा, आधी सुरात ये."

मी तेव्हा गिरणी कामगारांच्या संघटनेसाठी पत्रकं लिहीत असे. सायक्लोस्टाइलची शाई नखांत बसलेली असायची आणि रविवारी त्याच बोटांनी मी गीतांचं पुस्तक धरायचो. आमच्या बाकावरच्या पुस्तकांची पानं काळी झाली. पाळकसाहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की देवाला तुझ्या विचारांचं काही वाटत नसेल, पण पुस्तकं मंडळीची आहेत.

सर मिशनच्या शाळेत गणित शिकवायचे. शाळा सुटली की त्याच वर्गात आमचा सराव. फळ्याच्या डाव्या अंगाला बीजगणित, उजव्या अंगाला डो-रे-मीची अक्षरं, आणि सर दोन्हीकडे सारख्याच संशयाने बघत. वाद्य नव्हतं. हार्मोनियम पाळकसाहेबांच्या घरी कुलपात असे, म्हणून आम्ही नुसत्या गळ्यांनी गायचो. पुढे लोक त्याला शैली म्हणू लागले.

एक दिवस नागपूरच्या साहेबी, झाडीच्या बाजूच्या इंग्रजी चर्चमधून बोलावणं आलं. तिथे उपासना इंग्रजीत, बाकांना गाद्या, आणि बाहेर मोटारी. ख्रिस्तासमोर आपण सगळे एक, हे तिथेही शिकवत असावेत. पण तो एकपणा फाटकापाशी संपायचा. वर्षातून एका संध्याकाळी ते 'भाषिक मंडळ्यां'ना, म्हणजे आमच्यासारख्या देशी चर्चना, गायला बोलावत. आमच्या वाट्याला तीन गाणी. चर्चचे सेक्रेटरी स्वतः शाळेत येऊन बजावून गेले, "ढोलकी, मंजिऱ्या वगैरे नको. आमचं छत जुनं आहे." टाळांसारख्या चिमुकल्या मंजिरीने छत पडतं हे मला त्या दिवशी कळलं.

सरांनी तिन्ही गाणी इंग्रजी निवडली.

मी उभा राहिलो. म्हटलं, ही गुलामी आहे. ज्यांनी आपल्याला वर्षभर फाटकाबाहेर ठेवलं, त्यांना त्यांचीच गाणी त्यांच्याहून बरी म्हणून दाखवायची, याला मी कला म्हणणार नाही. मी बहिष्कार घालीन. पत्रक काढीन.

"तुझं पत्रक वाचते कोण गा?" दुसऱ्या आवाजातून ताई म्हणाली. ताई माझी आतेबहीण, मिशनच्या दवाखान्यात नर्स. इंजेक्शन देताना आणि बोलताना तिचा हात सारखाच चाले. "पोहेवाल्याकडे रद्दीत गेल्यावर, पोह्याखाली वाचत असतीन लोकं. वरून तर्रीचा रस्सा पडला की तेही नाई."

सर हसले नाहीत. फळा पुसून निघून गेले. ताई मला व्हरांड्यात घेऊन आली.

"तुले माहीत नाई तं काहून बोलतं? सर कॉलेजात होते तवा त्याच चर्चच्या गायनात होते."

"मग? त्यांचं प्रेम अजून उतरलं नाही वाटतं."

"ऐक ना. त्याईले पुढं उभं करत, अन् सांगत, तोंड हलव, आवाज काढू नको. उच्चार बरोबर नाई म्हणे. बाजावरच्या पुस्तकाची पानं उलटाचं काम देल्लं होतं. कॉलेज सुटेपर्यंत सर तिथं तोंड हलवत राहिले." ताईने पदर खोचला. "त्याईले एकच पायजे. आपण बांधलेले चार आवाज त्या छताखाली एकदा वाजले पायजेत. त्या लोकाईच्या कानात गेले पायजेत. बस."

हे ऐकून माझा राग कमी व्हायला हवा होता. तो दुप्पट झाला, फक्त त्याची दिशा बदलली. दुसऱ्या दिवशी मी सरांपुढे मागणी ठेवली: दोन इंग्रजी तुमची, एक मराठी आमचं. आणि ते मराठी गाणं इंग्रजी चालीवर बसवलेलं नको, ज्यात 'तारणारा' म्हणताना 'णा' वर चढतो आणि 'तार' खाली राहतो. आपल्या वस्तीतलं भजन हवं. तेही चार आवाजांत बांधा. त्यांनी तसलं कधी ऐकलं नसेल.

सरांनी खडू बोटांत फिरवला. "भजनाला एकच आवाज असतो," ते म्हणाले.

"तुम्ही गणिताचे मास्तर. एकाचे चार करा."

भजन ठरलं ते विहिरीवरच्या बाईचं. तहानलेला येशू विहिरीपाशी बसलाय आणि जिच्या हातचं कोणी पाणी घेत नाही तिच्याकडे पाणी मागतोय, एवढीच गोष्ट. आमच्या वस्तीत बहुतेकांच्या आज्यांना विहिरीवर काय ऐकावं लागलं होतं हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे त्या भजनाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नसे. तरी मी दोन कडवी नवी लिहून नेली. सरांनी वाचली.

"'शोषित' हा शब्द आठ मात्रांवर ओढून दाखव."

मी ओढून दाखवला. पहिल्या आवाजातल्या पोरी तोंडावर रुमाल धरून बाहेर गेल्या. जुनीच कडवी राहिली.

सरांनी महिनाभर बांधणी केली. अशी की ताई एकटी पहिली ओळ म्हणणार, मग क्षणभर सगळं थांबणार, आणि त्या शांततेत खालून माझा आवाज निघणार. त्यावर तिसरा, त्यावर दुसरा, वर पहिला, आणि चारही आवाज वेगवेगळ्या वाटांनी जाऊन शेवटच्या 'पाणी'वर एकत्र भेटणार. सर म्हणत, विहिरीत घागर उतरते आणि भरून वर येते तसं झालं पाहिजे. मला साऱ्या भजनात तीन सूर होते. रात्रीच्या गुरख्याला याहून जास्त चालावं लागतं. पण 'पाणी' पहिल्यांदा जमलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, आणि याबद्दल मी संघटनेत कोणाला काही बोललो नाही.

सरावाला खिडकीशी मावशी येऊन बसायच्या. वस्तीतलं भजन त्या चालवत. विधवा बाई, गांधीबागेत एका कापडाच्या दुकानात साड्यांना फॉल लावायच्या. त्यांच्या मंजिऱ्या वाजल्या की घरोघरची पोरं जेवण टाकून अंगणात येत. एकदा त्यांनी विचारलं, "मास्तर, अन् आमी कुठं म्हनाचं?"

"तुम्ही नाही म्हणायचं, मावशी. तुम्ही ऐकायचं."

"ऐकाचं म्हंजे काय कराचं?"

सरांना वाटलं मावशी गंमत करतायत. मलाही तसंच वाटलं.

त्या संध्याकाळी वस्ती मॅटाडोरमध्ये कोंबून आली. मागची चार बाकं भरली. मावशी शेवटून तिसऱ्या बाकावर. मी विचारलं, "मंजिऱ्या आणल्या नाहीत ना?"

"घरी ठेवल्या बाप्पा. हात तं घरी नाई ठेवता येत."

पहिली दोन गाणी झाली. चर्चमध्ये टाळ्या वाजवत नाहीत, म्हणून शांतता. मागून कोणीतरी म्हातारा म्हणाला, "संपलं का हो?" पुढच्या बाकावरची एक बाई हातमोजा काढता काढता थांबली. नागपुरात हातमोजे, असो.

मग भजन. ताईने पहिली ओळ म्हटली. काय म्हटली. ते जुनं छत तिच्या आवाजाने वर उचललं गेल्यासारखं वाटलं. ओळ संपली. सरांनी माझ्याकडे बोट केलं, मी श्वास घेतला, आणि त्या ठरवलेल्या शांततेत मागच्या चारही बाकांनी तीच ओळ परत म्हटली.

टाळ्यांसकट.

आमच्याकडे भजन असंच असतं. एकाने ओळ टाकायची, सगळ्यांनी ती झेलायची. न झेलणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर रुसलेला. सरांनी आयुष्यभर वस्तीत हे पाहिलं होतं, मी त्यातच वाढलो होतो, आणि महिनाभर त्या शांततेवर मेहनत करताना आम्हा गाणाऱ्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की ती जागा आधीच भरलेली आहे.

माझा खालचा सूर निघाला आणि बुडाला. दुसऱ्या ओळीला तेच. सरांचे हात हवेत तसेच. सेक्रेटरी पुढून उठले, मागे वळले आणि ओठांवर बोट ठेवलं. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि शेजारणीला म्हणाल्या, पहिल्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, "त्याले सांग वं, आमची पाळी हाय, तू गप ऱ्हाय."

तिसऱ्या ओळीला सरांनी हात खाली घेतले. आम्ही गात राहिलो, चार आवाज सोडून वस्तीबरोबर, एकाच आवाजात. 'पाणी' आलं ते सगळ्यांचं आलं. छत पडलं नाही.

बाहेर हिरवळीवर चहा होता. सेक्रेटरी सरांना म्हणाले, "तुमच्या लोकांमध्ये फार उत्साह आहे." सर थँक्यू म्हणाले. त्या 'तुमच्या लोकां'वर मी तिथेच अर्धं पत्रक मनात लिहून काढलं.

परत येताना सर सायकल हातात धरून चालत होते. मी त्यांच्याबरोबर. मी फुललो होतो. म्हटलं, "सर, आज आपण ते चर्च ताब्यात घेतलं."

"तुझा खालचा सूर कोणी ऐकला?"

"कोणीच नाही."

"तिसऱ्याचा?"

"तोही नाही."

"मग तू काय ताब्यात घेतलंस, ते मला सांग," सर म्हणाले आणि सायकलवर बसून निघून गेले.

त्यानंतर सराव बंद. वर्गाच्या फळ्यावर दोन्ही अंगांना बीजगणित. मी अजूनही म्हणतो की त्या संध्याकाळी वस्तीचं काही चुकलं नव्हतं. पण सरांचे चार आवाज त्या छताखाली वाजले नाहीत, आणि पुन्हा बोलावणं येणार नव्हतं. हेही तितकंच खरं होतं, आणि याचा निषेध कोणाविरुद्ध करायचा ते मला कळेना. पत्रक लिहिणाऱ्याची यापेक्षा वाईट अवस्था नसते.

ताईला असले प्रश्न पडत नाहीत. ती सरळ मावशींच्या घरी गेली. मीही गेलो.

"मावशी, सरांचं गाणं तुमी खाल्लं."

"खाल्लं?" मावशींची सुई थांबली. "आमी तं साथ देल्ली वं. एकटी म्हनून राहिली होती तू. कोनी झेललं नसतं तं किती वाईट दिसलं असतं."

"त्याईले साथ नव्हती पायजे. कान पायजे होते." आणि ताईने त्यांना ती पानं उलटण्याची गोष्ट सांगितली.

मावशी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आवाज काढू नको म्हने? गान्यात?" त्यांनी दाताने दोरा तोडला. "गुरुवारी माझ्या घरी प्रार्थना हाय. मास्तरले आन."

गुरुवारी सर आले. ताईने आणले म्हणणं जास्त बरोबर. अंगणात वस्ती बसलेली. मावशी उभ्या राहिल्या. "आज पहिल्या डावाले कोनी तोंड उघडाचं नाई. मास्तर म्हनतीन, आपन ऐकाचं. दुसरा डाव आपला. ज्याले राहवत नाई त्यानं पदर तोंडात घाला."

"अन् ज्याले पदर नाई त्यानं?" मागून एका बाप्याने विचारलं.

"बायकोचा घे."

ताईने ओळ म्हटली. ओळ संपली. शांतता झाली. साऱ्या वस्तीने श्वास घेतलेला मला ऐकू आला, आणि तो तसाच आत राहिला. मावशींचे हात टाळीसाठी वर गेले होते, ते शेजारणीने धरून ठेवले. त्या शांततेत माझा सूर निघाला. तो इतका एकटा होता की मीच घाबरलो आणि किंचित खाली घसरलो. सरांनी डोळे वटारले. मग तिसरा आला, दुसरा आला, पहिला आला, घागर उतरली, आणि 'पाणी'वर आम्ही सगळे भेटलो.

सर मावशींकडे बघत होते.

"चांगलं हाय," मावशी म्हणाल्या. "पन मास्तर, खरं सांगू का, मले आधी भेव वाटलं. चौघं चार दिशेनं जाऊन राहिले होते. म्हटलं, हे आता येत नाई घरी. मंग त्या 'पानी'वर सगळे आले. तवा जिवात जीव आला."

सरांनी खिशातून रुमाल काढला, उगाच चष्मा पुसला. "तिथेच," ते म्हणाले. "मला तेच हवं होतं. तिथेच."

"झालं मंग. आता आमचा डाव." मावशींनी मंजिऱ्या उचलल्या. ओळ पडली, वस्तीने झेलली, इतका वेळ दाबून ठेवल्यामुळे जरा जास्तच जोरात. सर मधे उभे, हातांना काम नाही. सवयीने त्यांचे ओठ हलत होते, नुसतेच. ताईने ते पाहिलं.

"सर," ती टाळ्यांवरून ओरडली, "आवाज काढा."

आणि सरांनी आवाज काढला. आम्ही त्यांना तोपर्यंत कधी गाताना ऐकलंच नव्हतं. ते नेहमी हातांनी गायचे. जाहीर सभेत मी हे कधी कबूल करणार नाही, पण त्यांना तोंड हलवायला सांगणाऱ्या त्या इंग्रजी चर्चचं या एका बाबतीत काही अंशी बरोबर होतं. उच्चाराची गोष्ट वेगळी. सरांचा आवाज फाटका होता, आणि तो आम्हा कोणाच्याही सुरात नव्हता. त्यांनी डोळे मिटून, मान वर करून, प्रत्येक ओळ शेवटपर्यंत म्हटली. कोणीही त्यांना हळू म्हणा म्हणालं नाही. मावशी फक्त एकदा वळून बघून शेजारणीला म्हणाल्या, "मास्तर एरवी नुसतं चार आवाजाचं बांधते, म्हनत नाई, ते बरंच हाय वं."