मगसरांचं इंग्रजी

आमच्या सरांनी आम्हाला इंग्रजी लिहायला शिकवलं ते एका मराठी शब्दाने. आम्ही काहीही लिहून नेलं की ते वाचायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "मग?" त्यामुळे त्यांचं आडनाव मागे पडलं आणि ते मगसर झाले. हे त्यांनाही ठाऊक होतं. एकदा कुणी दाराशी चुकून "मगसर आहेत का?" म्हणालं, तर आतून आवाज आला, "आहेत. मग?"

देश नुकताच स्वतंत्र झाला होता. सर मुंबईच्या एका कॉलेजात शिकवत आणि कल्याणला पारनाक्याजवळ राहत. रविवारी सकाळी त्यांच्या ओटीवर आम्ही कॉलेजची चार-पाच मुलं जमायचो. मी डोंबिवलीहून जायचो. सगळे मराठी शाळांतले. बाजारातल्या नोट्स पाठ करायच्या आणि पेपरात उतरवायच्या, हेच आमचं इंग्रजी. माझ्या पहिल्याच निबंधात सोनेरी सूर्य क्षितिजाचं चुंबन घेत होता.

सरांनी तो बाजूला ठेवला. "आज उठल्यावर काय पाहिलंस?"

"आई चूल पेटवत होती. लाकडं ओली होती."

"मग?"

"धूर झाला. बाबांना ठसका लागला."

"मग?"

"आई बाबांवरच ओरडली."

"हे लिही इंग्रजीत."

एवढीशी वाक्यं, पण अख्खी सकाळ गेली आणि वर चुकांची रास. सरांनी एकीलाही हात लावला नाही. म्हणाले, "चुका सुधारता येतात रे. आधी सांगण्यासारखं काही असू दे."

पुढच्या वर्षी लछमन आला. कल्याणजवळच्या निर्वासितांच्या छावणीत राहणारा, सिंधमधून आलेला उंच, अबोल मुलगा. मराठी त्याला येत नव्हतं, सिंधी आम्हाला. इंटरच्या परीक्षेत तो इंग्रजीतच नापास झाला होता. त्याचे वडील छावणीत कापडाची टपरी चालवत, आणि आता कॉलेज सोडून टपरीवर बस, असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

'माझं घर' या विषयावर त्यानं निबंध आणला. दारात गुलाबाचा वेल, मागे हिरवळ. सरांनी हळूच इंग्रजीत विचारलं, "हे तुझं घर?"

"नो, सर."

त्या दिवशी सर 'मग' म्हणाले नाहीत. कोरा कागद त्याच्यापुढे सरकवून ते आत गेले.

आठवड्यानं लछमननं अर्धं पान आणलं. सरांनी ते मोठ्यानं वाचलं. सिंधमधलं घर सोडून निघताना म्हशीला दावणीतून सोडलं, असं त्यात होतं. ती मागोमाग स्टेशनपर्यंत आली. वडिलांनी दगड मारला. ती थांबली. गाडी सुटली तरी ती तिथंच उभी होती. काळांचा पार गोंधळ होता. 'थ्रोड' ऐकून आमच्यातला एकजण फिसकन हसला. सरांनी मान वर न करता सांगितलं, "बाहेर जा. तोंड धुऊन ये."

मग ते उठले, टोपी घातली आणि लछमनला म्हणाले, "चलो." मीही निघालो.

चिखल तुडवत आम्ही छावणीत पोचलो. बराकीत पोत्याच्या पडद्याआड त्याचे वडील खाटेवर बसले होते. सरांनी नमस्कार केला आणि म्हणाले, "आपके बेटे ने कुछ लिखा है. सुनिए." आपल्या मोडक्या हिंदीत ते एकेक वाक्य सांगत गेले. म्हातारा जमिनीकडे बघत ऐकत होता. पडद्यापलीकडे भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला.

सरांचं वाचून झालं. मग म्हातारा म्हणाला, "गलत लिखा है."

लछमनचा चेहरा उतरला.

"दो पत्थर मारे थे. पहले से वो रुकी नहीं."

सरांनी खिशातली पेन्सिल काढून लछमनच्या हातात दिली. तो भिंतीला कागद लावून लिहू लागला. वडील त्याच्या हाताकडे बघत राहिले. इंग्रजीचं अक्षरही त्यांना वाचता येत नव्हतं. आम्ही निघालो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "इम्तिहान दे ले."

परत येताना सर विठ्ठलवाडीपर्यंत भराभर चालत होते. मग अचानक थांबले. "अरे, इतकी वर्षं मी इंग्रजी शिकवतोय. असं एक वाक्य मला लिहिता आलेलं नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्यांना ते लपवायचंही नव्हतं. एवढा विद्वान माणूस एका नापास मुलापुढे असा नतमस्तक झालेला मी पुन्हा कधी पाहिला नाही.

काळ, क्रियापदं, सगळं सरांनी त्यानंतर त्याच्याकडून घोटून घेतलं. लछमन पास झाला, बी.ए. झाला आणि पुढे मुंबईच्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात लागला.

काही वर्षांनी सर हृदयविकारानं गेले. कल्याणला शोकसभा झाली. मोठमोठी माणसं सुंदर बोलली. शेवटी लछमन उठला. सगळ्यांना वाटलं, हा इंग्रजीत बोलणार. तो मराठीत बोलला, आयुष्यात पहिल्यांदा. "सर आमच्या घरी आली. चिखल होता. तरी आली. माझा बाप त्या दिवशी सिंधचं पहिला वेळ बोलला."

सभागृहात त्याला कुणीही दुरुस्त केलं नाही.