शॉकअपमध्ये गिअरचं ऑइल ओतलं आणि बाबा पडले

मित्रांनो, आज डोकं फिरलंय.

बाबा तरुणपणी मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीत पळवायचे, ती जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल मी परवा मिस्त्रीकडे ऑइल बदलायला दिली. स्पष्ट सांगितलं होतं, गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं आणि पुढच्या शॉकअपचं पातळ, वेगळं.

आज सकाळी बाबा तीच गाडी घेऊन उंद्रीच्या शेताकडे निघाले. पाणंदीतल्या खड्ड्यात शॉकअप दबलेच नाहीत. पुढचं चाक उसळलं, बाबा दगडावर आपटले आणि मनगट मोडलं.

प्लास्टर करून आणल्यावर मी शॉकअप उघडले. आत काकवीसारखं घट्ट ऑइल! बाटलीत भरलं आणि थेट मिस्त्रीसमोर ठेवलं.

"हो, गिअरचंच टाकलं. जुन्या गाडीले काय फरक पडते? काऊन तापून राह्यला?"

"माह्या बापाचा हात मोडला!"

"मंग म्हाताऱ्याले गाडी कायले देता बे?"

माफीचा एक शब्द नाही!

पण खरं सांगतो, गाडी परत घेताना मी चकचकीत टाकी पाहिली आणि खूश झालो. आत काय ओतलं, हे विचारलंच नाही. तुम्ही विचारता का?