भुसा संपल्यावर चाललेला पंप

आधीच सांगते, भूतखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी विद्यापीठात ऊर्जेवर पीएचडी करते. गिरणीत उरणारा धानाचा भुसा जाळून गॅस करायचा आणि त्यावर इंजिन चालवायचं – हा माझा विषय. यंत्र मी स्वतः जोडलंय, त्याचा नट न नट मला ठाऊक आहे.

जुलैत आमची चाचणी तिरोडा तालुक्यात, बोदलकसा तलावाच्या अलीकडच्या एका गावात होती. पावसानं दडी मारलेली. तिथल्या गीतामावशींची एक बांधी, म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत, रोवायची राहिली होती आणि पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून ठेवलेले. त्या दिवशी लागले नसते तर वाळले असते, वर्षाचा घरचा भात गेला असता. म्हणून आमच्या इंजिनावरच्या पंपानं बोडीतलं, म्हणजे शेताजवळच्या तळ्यातलं, पाणी त्यांना द्यायचं ठरलं. मावशींचे यजमान उन्हाळ्यातच वारले होते... त्या गावात रोवणीची शेवटची पेंडी, म्हणजे रोपांची जुडी, घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं लावतात.

भरदुपारी भुसा संपला. गिरणीची गाडी वाटेत पंक्चर! नियमाप्रमाणे मी गॅसचा व्हॉल्व्ह बंद केला. दोन आचके देऊन इंजिन थांबायला हवं होतं.

थांबलंच नाही.

भुसा भरायचा हॉपर उघडला – रिकामा. गॅसचा पाइप थंडगार. डिझेल या यंत्राला लागतच नाही. आणि पाणी मात्र धो धो पडतंय! खरं सांगू? भीती नाही वाटली, राग आला. माझंच यंत्र माझं ऐकेना! इंजिन बंद पाडायला मी प्लगची वायर उपटायला हात घातला, तोच बांधीतून मावशी ओरडल्या,

"काऊन हात लावून राहिली वो पोरी? चालू दे ना त्याले!"

पऱ्ह्यांकडे पाहून मी हात मागे घेतला.

मावशींनी शेवटची पेंडी लावली, कंबर सरळ केली आणि इंजिनाच्या दिशेनं हळूच म्हणाल्या, "झालं जी."

इंजिन थांबलं.

आमचे गाईड म्हणाले, व्हॉल्व्ह लीक असेल. मी तो खोलून तपासला, ठणठणीत होता. आणि भुसाच नाही तर लीक काय होणार? प्रबंधात मी सरळ 'कारण अज्ञात' लिहिलंय, खोडणार नाही.

मावशींना विचारलं, तर त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "आमच्या बुढ्याले अर्धी बांधी सोडून उठाची सवयच नव्हती वो."

मी अजूनही काही मानत नाही. पण याहून बरं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही.